कचेरीत घेतलेलं नाव

निजामाच्या राज्यात आमच्या तालुक्याच्या मुन्सिफाच्या, म्हणजे दिवाणी न्यायाधीशाच्या, कचेरीत मी कारकून होतो. कचेरीची भाषा उर्दू आणि येणारे लोक सगळे मराठी. लोक मराठीत बोलत, मी ते मुन्सिफसाहेबांना उर्दूत सांगे आणि त्यांनी मान हलवली की उर्दूतच कागदावर उतरवी. शेवटी तेच बयान मराठीत वाचून दाखवायचं, बोलणाऱ्याचा अंगठा घ्यायचा, की ते पक्कं झालं. तेव्हा माझं वय बावीस-तेवीस. उर्दू मौलवीसाहेबांच्या छडीखाली शिकलेलो, मराठी घरचीच. आपल्यावाचून या कचेरीचं पान हलत नाही असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो.

हा माज एका बाईनं उतरवला. तिचीच हकीकत सांगायची आहे. पण त्याआधी बायका कचेरीत कशा बोलत ते सांगायला हवं, कारण त्याचं मला पहिल्यापासून कुतूहल होतं आणि त्याच कुतूहलानं मला गोत्यात आणलं.

पुरुष बोलायला उभा राहिला की पहिल्या वाक्यातच मुद्दा यायचा. बांध कोरला, बैल नेला, बायको नांदत नाही. लिहायला सोपं. बाईचं तसं नसे. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली एक बाई आली होती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "ताट उडालं, तांब्या उडाला, मंग मी दाराभाईर." ताट कुणी उडवलं, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्याच अकलेची शंका आली. तिच्या सांगण्यात भांडी आपोआप उडत होती, दार आपोआप लागत होतं, आणि घरात माणूस म्हणून कुणी नव्हताच.

दुसऱ्या एका बाईनं अर्धा तास शेजारणीची कहाणी सांगितली. शेजारणीला सासू उपाशी ठेवते, शेजारणीच्या केसाला धरून ओढतात, शेजारीण विहिरीकडे दोनदा जाऊन परत आली. मी वैतागून म्हणालो, "बाई, शेजारणीचं राहू दे, तुझं काय ते सांग." ती म्हणाली, "मी तिच्याच घरात राहती."

आणि तारखांचा तर सगळा आनंदच होता. कचेरीला आजूर, दय, बहमन हे निजामी महिने लागत. बाई म्हणे, हुरडा मोडायच्या दिसात, तुरी बडवायच्या वक्ताला, धाकटी रांगायला लागली तवा. मी आपला बोटं मोजून हुरड्याचा बहमन करायचा.

ही सगळी बोलणी मी मित्रांत बसलो की नकला करून सांगत असे. लोक पोट धरून हसत. माझी समजूत अशी होती की बायका लाजतात, म्हणून आडून बोलतात, आणि त्यातून सरळ अर्थ काढून देणं हे माझं काम. त्यासाठी माझ्याकडे एक तयार वाक्यच होतं. नवरा मारपीट करतो, पोटाला देत नाही, जिवाला धोका आहे. उर्दूत ते ऐकायलाही भारदस्त वाटे. येईल त्या बाईच्या अंगावर मी ते घालत असे आणि ते सगळ्यांना बसत असे.

मुन्सिफसाहेब हैदराबादचे. मराठीचा गंध नाही, पण माणूस शांत. त्यांना दोन गोष्टींची आवड, उर्दू शेर आणि आमच्या डोंगरातली सीताफळं. सीताफळांच्या दिवसांत टेबलाशेजारी टोपली असायची. साहेब फळ खाऊन एकेक काळी बी टीपकागदावर ओळीनं मांडत आणि बयान ऐकत. बयान कंटाळवाणं असलं की ओळ लांबत जाई, हे मी ओळखून होतो. माझ्या त्या तयार वाक्याला ओळ नेहमीच लांब व्हायची. पण त्याचा दोष मी बायकांना देत होतो.

अशाच सीताफळांच्या दिवसांत ती बाई आली. माहेर नांदूरघाटाच्या पलीकडच्या एका वस्तीवरचं, सासर युसूफ वडगावच्या बाजूचं. नवरा जमीनदार, गावात वजन असलेला. बायको वर्षभर माहेरी बसली आहे, तिला नांदायला पाठवण्याचा हुकूम व्हावा, असा दावा त्यानं लावला होता. त्याचा वकील होता. तिच्या बाजूनं तिचा एक थोरला भाऊ, तोही मांडीवर पागोटं घेऊन व्हरांड्यात बसलेला.

मी आत जाताना त्यानं मला अडवलं. "कारकूनसाहेब, हुकूम उलटा झाला तर काय व्हईल?"

"काय होईल? जावं लागेल तिला."

"म्हंजी मलाच नेऊन घालावं लागंल," तो म्हणाला. "मी न्हाई घातलं तर माझ्यावर हुकूम. आन घातलं तर पुन्यांदा ती जित्ती दिसायची न्हाई. गेलतो मी तिला आणाया. बघितलंय मी."

मी त्याला म्हणालो, की जे आहे ते तिनं साहेबांसमोर सरळ सांगावं, म्हणजे झालं. इतकं सोपं होतं माझ्या दृष्टीनं.

बाई लहानखुरी होती. विशीच्या जरा पुढची. पदर कपाळापर्यंत ओढलेला, पण आवाज स्वच्छ. चेहऱ्यावर, हातावर माराचा एकही वण दिसत नव्हता, आणि हे वकिलानं आधीच हेरून ठेवलेलं असणार. मी विचारलं, "नवरा मारतो का तुला?"

ती म्हणाली, "दोन सुगी मी डाव्या कुशीवर निजले."

मी पुन्हा विचारलं, "मारतो की नाही?"

"आमच्या हिरीला रहाट हाय," ती म्हणाली. "पानी शेंदायला दोन हात लागत्यात. मी एका हातानं शेंदाया शिकले. दुसऱ्या कुनाला जमत न्हाई ते. मला जमतंय."

सांगण्यात रडणं नव्हतं. उलट, आपल्याला एखादी अवघड वीण जमते हे सांगावं तसं ती सांगत होती. मला हसू आलं. साहेबांनी विचारलं, काय म्हणते? मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. "हुजूर, कहती है कि शौहर मारपीट करता है." आणि तेच लिहिलं. साहेबांनी एक बी उचलून ओळीत ठेवली.

मग ती आणखी बरंच बोलली. दाराची कडी वाजण्यावरून माणूस कोणत्या रंगात घरी आला ते कसं ओळखायचं, भाकरी थापताना आवाज कसा होऊ द्यायचा नाही, आणि पहिली मुलगी पोटात असताना शेणाच्या पाट्या वाहायला ती आपणहून कशी पुढं व्हायची, कारण शेणाच्या वासानं तो माणूस लांब राहतो. मी लिहिलं, पोटाला देत नाही. मी लिहिलं, जिवाला धोका आहे. तिचं बोलणं पंधरा मिनिटांचं, माझ्या कागदावर साडेतीन ओळी.

वकील उठला. तो हुशार होता, आणि आता मला वाटतं की त्याला मराठी माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, पण तो उर्दूतच बोलला. हुजूर, असं बयान तर कुठलीही बाई देईल, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच. आणि दुसरी गोष्ट, या अख्ख्या बयानात माझ्या अशिलाचं नाव कुठं आहे? कोण मारतं? बाईनं नावच घेतलेलं नाही. उद्या ती म्हणेल दिरानं मारलं, परवा म्हणेल सासऱ्यानं.

साहेबांनी कागद बघितला. खरंच, नाव नव्हतं. ती सगळा वेळ "आमच्याकडं", "घरला", "पोरीचा बाप" असंच म्हणत होती. साहेब मला म्हणाले, तिच्या तोंडून नाव यायला हवं.

मी तिला म्हणालो, "बाई, नवऱ्याचं नाव घे."

तिनं पदर आणखी खाली ओढला.

"अगं, घे नाव. नाही घेतलंस तर तुझं बयान वाया जाईल."

तिनं भावाकडे बघितलं, मग खाली बघितलं. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे मी साहेबांना समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, माझ्या आजीनंही कधी घेतलं नाही, पण ती कचेरीत आली नव्हती. वकील गालातल्या गालात हसत होता. नवरा त्याच्या मागं बसलेला, मिशीवर हात फिरवत. बायको आपलं नाव घेऊ शकत नाही यात त्याला काही तरी मान वाटत असावा.

तेवढ्यात बाईनं पदर सारखा केला आणि मान वर केली. लग्नात, डोहाळजेवणात बायका उखाणा घेतात ना, अगदी त्याच चालीत, जरा आवाज चढवून, ती म्हणाली:

"कुडाला व्हत्या तुराट्या शंभर, उरल्या आता साठ,
…रावाचं नाव घेते, बाकीचं सांगंल पाठ."

तिनं नाव खणखणीत घेतलं. मी ते इथं लिहीत नाही, एवढंच.

व्हरांड्यात इतर दाव्यांसाठी आलेल्या पाच-सहा बायका बसल्या होत्या. त्यांची कुजबूज चालू होती, ती बंद पडली. एकीनं तोंडात पदर धरला. मला ते दिसलं, आणि मला त्याचं नवलही वाटलं. पण मी खूश होतो. अडलेलं काम सुटलं होतं. रीतच आहे ती, नाव घ्यायचं तर उखाण्यात घ्यायचं, दोन ओळी जुळवायच्या आणि मधे नाव बसवायचं. कुणी चांदीच्या ताटात पेढे ठेवतं, कुणी कुडाला तुराट्या लावतं. साहेबांनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, "हुजूर, नाम ले लिया." आणि बयानात मारपीट करणाऱ्याच्या जागी नाव लिहून टाकलं. झालं काम.

दुपारी साहेब नमाजाला उठले आणि मी जेवायला घरी आलो. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. बायको ताट वाढत होती. मी तिला सकाळचा प्रकार रंगवून सांगितला. वकील कसा फुगला होता, साहेब कसे अडून बसले होते, आणि बाईनं भर कचेरीत कसा उखाणा घेतला. मी चालीवर म्हणून दाखवला आणि हसलो.

ती हसली नाही. भाकरी हातात तशीच धरून म्हणाली, "हसायचं काय त्यात?"

"कचेरीत उखाणा म्हणजे काय, लग्न आहे का?"

"चाळीस," ती म्हणाली, आणि भाकरी माझ्या ताटात ठेवली.

मला राग आला. आपण गंमत सांगावी आणि समोरच्यानं हिशेब करावा, हे मला सोसत नसे. मी म्हणालो, तुला कचेरीतलं काय कळतं. मी अर्धं जेवून उठलो आणि रस्ताभर मनात तिच्याशी भांडत कचेरीत आलो. पण तो आकडा काही डोक्यातून जाईना. तुराटी म्हणजे तुरीची वाळलेली काठी. हलकी, चिवट. पाठीवर एक मोडायची तर हात किती वेळा उचलावा लागत असेल, असला विचार मला येऊ लागला आणि मी तो झटकून टाकला.

दुपारी बयान वाचून दाखवायचं होतं. मी कागद घेऊन भराभर मराठीत वाचलं. अमुक याची बायको, अमुक गावची राहणारी, बयान देते की माझा नवरा अमुकराव मला मारपीट करतो, पोटाला देत नाही, माझ्या जिवाला धोका आहे, सबब मी नांदायला जाऊ इच्छीत नाही. "बरोबर आहे ना?" असं म्हणत मी शाईची गादी पुढं सरकवली.

तिनं हात पुढं केला नाही. "हे कुनाचं हाय?" तिनं विचारलं.

"कुणाचं म्हणजे? तुझंच."

"माझं न्हाई हे."

वकील ताठ होऊन बसला. बाईनं स्वतःचंच बयान नाकारलं, तर दावा तिथंच नवऱ्याच्या बाजूनं निकालात निघणार होता. तिचा भाऊ व्हरांड्यातून दारापाशी येऊन उभा राहिला.

मी हळू आवाजात म्हणालो, "बाई, वेड्यासारखं करू नकोस. नाव लिहिलंय, मारतो लिहिलंय, अजून काय पाहिजे? अंगठा दे, नाही तर उद्या याच्याबरोबर जावं लागेल."

"नाव लिवलं," ती म्हणाली. "नावाच्या आदुगरचं? नावाच्या मागलं?"

"ते कशाला? ती रीत असते."

"मंग नाव बी खोडा," ती म्हणाली. "एकलं नाव मी घेतलंच न्हाई. त्येच्यासंगं घेतलं. ते नसंल तर नाव बी माझ्या तोंडचं न्हाई."

मला राग आला, आधी तिचाच आला. आपण तिच्या भल्यासाठी एवढं करतोय आणि ही एका उखाण्यावरून सगळं मोडायला निघाली आहे. पण राग ओसरायच्या आधीच मला दुसरी गोष्ट कळली. ती खरं बोलत होती. माझ्या कागदावर तिचं एक अक्षर नव्हतं. सकाळपासून ती बोलत होती आणि मी माझंच वाक्य लिहीत होतो. आणि हे आजचं नव्हतं. किती बायकांचे अंगठे मी माझ्या वाक्याखाली घेतले होते कोण जाणे. त्यांना वाचता येत नव्हतं, ऐकून त्यांनी मान हलवली होती, कारण कचेरीत मान हलवायची असते असं त्यांना वाटत होतं. मला खरोखर लाज वाटली.

"क्या बात है?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणू शकलो असतो की बाई घाबरली आहे. तसं म्हटलं असतं तर माझी नोकरी सलामत होती. बयानातलं काही गाळणं हा दुभाष्याचा मोठा गुन्हा, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी म्हणालो, "हुजूर, तिनं सांगितलेलं मी लिहिलेलं नाही. गाळलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?" त्यांनी वकिलाकडे बघत विचारलं.

"कुणाच्याच नाही. मला ती फक्त रस्म वाटली."

"तुम्हें लगी," साहेब म्हणाले. एवढंच, आणि ते शब्द त्यांनी असे उच्चारले की मला दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी टीपकागदावरच्या बिया तळहातानं बाजूला लोटल्या, दौत जवळ ओढली आणि म्हणाले, काय गाळलं ते सांगा. आधी तिच्या भाषेत, मग आपल्या.

मी उखाणा म्हटला. त्या चालीत म्हणायची हिंमत झाली नाही, नुसता म्हटला. मग उर्दूत सांगितलं. कुड म्हणजे काठ्यांची भिंत. शंभर काठ्या होत्या, साठ राहिल्या. बाकीच्यांचं माझी पाठ सांगेल. साहेबांनी पुन्हा म्हणायला लावला. तिसऱ्यांदा त्यांनी "साठ, पाठ" असं स्वतःशीच पुटपुटून बघितलं. शेरांचा नाद असलेला माणूस, त्यांना दोन ओळींत किती मावतं ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

वकील उठला. "हुजूर, ही शायरी झाली. शायरी पुरावा कशी होईल?"

पण त्याचा अशील त्याच्या मागं उभा राहिला होता. त्याला उर्दू जेमतेम येत असावं, मात्र मी मराठीत म्हटलेला उखाणा त्यानं आता तिसऱ्यांदा ऐकला होता, आणि भरल्या कचेरीत आपल्या नावाला जोडून ऐकला होता. मानेच्या शिरा फुगवून तो ओरडला, "खोटं बोलती, सरकार! इतक्या न्हाईत! इतक्या न्हाई मोडल्या!"

वकिलानं त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं. उशीर झाला होता. साहेब माझ्याकडे बघत होते. या वेळी मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, "कहता है, इतनी नहीं टूटीं."

साहेबांनी ते माझ्याकडून लिहवून घेतलं नाही. आपल्या हातानं लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी अगदी सौम्य आवाजात नवऱ्याला विचारलं, "तो फिर कितनी?"

मग बाईचं बयान पहिल्यापासून सुरू झालं. जुना कागद साहेबांनी फाडला नाही, बाजूला ठेवला, आणि मला कोरा दिला. ती बोले, मी एकेक वाक्य तसंच्या तसं उर्दूत सांगे, साहेब प्रश्न विचारत. डावी कूसच का? कारण उजव्या बरगडीवर भार द्यायचा नव्हता. दोन सुगी म्हणजे किती महिने? एका हातानं रहाट कसा धरतात? तिनं उभं राहून दाखवलं. रहाटाचा दांडा गुडघ्याखाली अडकवायचा, हातानं दोर ओढायचा, मग गुडघा सोडायचा. आणि दुसरा हात? दुसरा हात तिनं उचलायचा प्रयत्न केला, तो खांद्याच्या वर गेला नाही. सकाळी तिनं हेच सांगितलं होतं आणि मी हसलो होतो.

मी पाहिलं की ती आता माझ्या लेखणीकडे लक्ष ठेवून बोलत होती. माझी ओळ संपेपर्यंत थांबायची. पुढच्या वाक्याला मी "सांगा" म्हणालो. सकाळपासून मी तिला "सांग" म्हणत आलो होतो.

मधेच साहेब म्हणाले, तिला विचारा, नवरा मारतो असं ती सरळ का म्हणत नाही? हा प्रश्न तर मला नोकरीला लागल्यापासून तीन वर्षं पडलेला होता. मी विचारला.

तिनं साहेबांकडे बघितलं. मग म्हणाली, "मारतो म्हनलं की ऐकनारा मान हालवतोय. त्येला आपल्या घरचं आठवतं, त्येला वाटतंय समजलं. मी एका हातानं पानी शेंदती म्हनलं की त्यो इचारतोय, कावून?"

मी हे साहेबांना सांगितलं तेव्हा ते पुढचा प्रश्न विचारायचे थांबले. त्यांनी एक सीताफळ उचललं, परत टोपलीत ठेवलं. मला तीन वर्षांतल्या सगळ्या बायका आठवल्या. ताट उडालं म्हणणारी, शेजारणीच्या घरात राहणारी. त्या लपवत नव्हत्या. त्या माझ्या तोंडून एक प्रश्न यावा म्हणून वाट बघत होत्या आणि मी प्रश्न विचारायच्या ऐवजी उत्तर लिहून मोकळा होत होतो.

बयान संपेपर्यंत उन्हं व्हरांड्यात आली होती. पाच पानं झाली. मी ती सावकाश वाचून दाखवली. दोन ठिकाणी तिनं मला दुरुस्त केलं. एके ठिकाणी मी "रोज" लिहिलं होतं, ती म्हणाली, "रोज न्हाई. बाजाराच्या दिशी आन पावण्यांम्होरं न्हाई." मी तसं केलं. उखाणा आम्ही मराठीतच ठेवला होता, उर्दू अक्षरांत लिहिलेला, आणि खाली त्याचा अर्थ.

"आता बरोबर आहे?" मी विचारलं.

"हाय," ती म्हणाली.

मी शाईची गादी पुढं केली आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "इथं द्या अंगठा."

तिनं अंगठा शाईत बुडवला, पण तो हवेतच धरून विचारलं, "ते कुटं हाय?"

"काय?"

"मी घेतलेलं नाव. आन त्याच्या मागलं-म्होरलं."

मी तिसरं पान काढलं आणि बोटानं ती ओळ दाखवली. तिला ती अक्षरं वाचता येणं शक्यच नव्हतं. तिनं ओळीवरून, उजवीकडून डावीकडे माझं बोट गेलं तसे डोळे फिरवले, कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते बघून घेतलं. आणि मी काही म्हणायच्या आत तिनं अंगठा त्या ओळीवर टेकवला, दाबला, उचलला.

वकील पुन्हा उठला. हुजूर, अंगठा बयानाच्या शेवटी असायला हवा, हे कायद्याला धरून नाही.

साहेबांनी पान हातात घेऊन शाई वाळेपर्यंत बघितलं. म्हणाले, "अंगूठा उसका है." मग शेवटचं पान माझ्याकडे सरकवून म्हणाले, खाली तुम्ही सही करा, आज काय गाळलं होतं तेही लिहा आणि सही करा. मी लिहिलं.

त्या गुन्ह्याबद्दल मला नोकरीवरून काढलं नाही, पण पुढं सहा महिने मी घेतलेल्या प्रत्येक बयानाला साहेब माझ्याशेजारी मराठी जाणणारा दुसरा माणूस बसवत. महिन्याभरानं निकाल लागला. दावा खारीज झाला आणि ती परत नांदायला गेली नाही.